ताकद मागच्या चाकांत, पाऊस गोव्याचा: टायर कसे निवडावेत

रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीचे मागचे टायर आधी संपतात. अडीचशे अश्वशक्तीच्या गाडीत पुढची जोडी अर्धीही झिजलेली नसताना मागची बदलायला येते, यात नवल नाही. गाडी ढकलायचं काम तिचंच आणि वळणावर शेपूट धरून ठेवायचं कामही तिचंच. पुढची पकड सुटली तर गाडी वळायचं सोडून सरळ जाऊ लागते, आणि वेग उतरला की बहुतेक वेळा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि सवय नसलेला चालक दचकून ब्रेकवर उभा राहतो, म्हणजे नेमकं नको ते करतो. ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनाचा जोर कापतो, एकेका चाकाला ब्रेक लावतो, पण टायरमध्ये नसलेली पकड तो कुठून आणणार?

म्हणून गोव्यात अशा गाडीला टायर घेताना पहिला प्रश्न ‘किती वेगाला चालेल’ हा नसतो. जूनमध्ये ओल्या रस्त्यावर किती धरेल, हा असतो. कोरड्या रस्त्यावर आजचा कुठलाही बरा टायर पुरतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत, हे गणित वेगळं आहे. खरेदीचा महिना मे. पहिल्या सरींत रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, डिचोली-सांगे पट्ट्यात लाल मातीचा लगदा होतो, आणि वर्षातला सगळ्यात निसरडा रस्ता त्याच आठवड्यात मिळतो.

बदलायची वेळ झाली का?

डेप्थ गेज नावाचं छोटं मापक घ्या. प्रत्येक टायरवर तीन जागी मोजा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिमी असते. खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या दिसतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की उरले १.६ मिमी. तिथे टायर संपला. पण गोव्यात तिथवर थांबू नये. मे महिन्यात ३ मिमी उरले असतील तर बदला. तेवढेच डिसेंबरात उरले असतील तर खुशाल पुढच्या मेपर्यंत चालवा.

आतली कड मोजायला कंटाळू नका. अशा बऱ्याच गाड्यांची मागची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवलेली असतात; हाच निगेटिव्ह कॅम्बर. वळणावर तो उपयोगी, पण आतली कड जास्त घासतो. त्यात टो बिघडलेला असेल, म्हणजे चाकं नाकाच्या दिशेने एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून वळलेली असतील, तर झीज भराभर होते. बाहेरून उभं राहून पाहिलं की टायर झकास दिसतो आणि आत तारा बाहेर आलेल्या असतात. मोबाइलचा टॉर्च लावून चाकामागून फोटो काढा, दोन मिनिटांचं काम आहे. फक्त मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त राहिली, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी राहिली.

मग साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, हाताने चाचपा. फुगा आला असेल तर आतले दोरे तुटलेत. तो टायर दुरुस्त होत नाही, पर्वरीहून पणजीलाही त्यावर जाऊ नये. गावातल्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की आपण बाजूला घेतो आणि चिऱ्याच्या कडेला साइडवॉल घासतो. तो ओरखडा नख आत जाण्याइतका खोल असेल तर जाणकाराला दाखवा.

शेवटी तारीख. साइडवॉलवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. बऱ्याचदा ते टायरच्या एकाच बाजूला असतात, तेव्हा बाहेर दिसले नाहीत तर आत बघा. गोव्यात हे जास्त लागू पडतं, कारण तारवटीची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याची, गाडी वर्षातले आठ-नऊ महिने झाकून उभी असते. नक्षी नव्यासारखी, रबर मात्र वाळलेलं. सहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी ओल्या रस्त्यावर त्या रबराचा भरवसा धरू नका. दहा झाली की चर्चा नको.

आकडे वाचायचे कसे

उदाहरण म्हणून एका नेहमीच्या सेदानची मापं घेऊ: पुढे २२५/४५ आर१८ ९५वाय, मागे २५५/४० आर१८ ९९वाय. २२५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ४५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के. १८ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. मागचे टायर पुढच्यांहून रुंद असतील तर त्याला स्टॅगर्ड सेट म्हणतात, आणि ताकदवान रिअर-व्हील ड्राइव्ह गाड्यांत तो वारंवार दिसतो.

आता व्यास काढून बघा. पुढचा: १८ × २५.४ = ४५७.२, अधिक दोन वेळा १०१.२५, एकूण ६५९.७ मिमी. मागचा: ४५७.२ अधिक दोन वेळा १०२, एकूण ६६१.२ मिमी. रुंदी वेगळी, पण उंची जवळजवळ सारखी. एबीएस आणि स्टेबिलिटी कंट्रोल चारही चाकांच्या फिरण्याचा वेग सतत ताडून पाहतात, म्हणून कंपनीने हा मेळ जमवलेला असतो. दुकानदार म्हणाला, ‘२५५/४० नाही, २५५/४५ आहे, चालतंय,’ तर हाच हिशेब करा: ६८६.७ मिमी. जवळपास चार टक्क्यांचा फरक, शिवाय टायर आतून घासण्याची भीती. चालत नाही.

९५ आणि ९९ हे भाराचे आकडे. ९५ म्हणजे एका टायरवर ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५. २२५/४५ आर१८ याच मापाचा साधा टायर ९१ चा मिळतो, तो ६१५ किलोचा. एक्सएल लिहिलेला टायर जास्त हवेवर जास्त भार पेलतो. गाडीला एक्सएल सांगितला असेल तर साधा घेऊ नका. पाच माणसं आणि सामान घेऊन चोर्ला घाट चढताना तो मुकाट्याने तापत राहतो. वाय म्हणजे ३०० किमी, डब्ल्यू २७०, व्ही २४०, एच २१०. आपल्याकडे कोण तीनशेने जातंय, असं म्हणून लोक एच बसवतात. पण हे अक्षर उष्णता झेलण्याची ताकद सांगतं, आणि वरच्या अक्षराच्या टायरची बांधणी सहसा जास्त ताठ असते. गाडीने जे अक्षर मागितलंय त्याच्या खाली जाऊ नये.

ही सगळी मापं चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या स्टिकरवर असतात. सेकंड-हँड गाडी घेतली असेल तर बसवलेल्या टायरवरून माप उतरवून घेऊ नका, आधीच्या मालकाने काय केलंय कुणास ठाऊक. स्टिकर बघा. रिम बदललेल्या असतील तर रिमच्या मागे कोरलेली रुंदीही बघा: २२५/४५ ला ७ ते ८.५ इंच रिम लागते, २५५/४० ला ८.५ ते १०.

कुठल्या जातीचा टायर

ढोबळमानाने चार जाती. सेमी-स्लिक, म्हणजे जवळजवळ बिननक्षीचा: मिशलिनचा पायलट स्पोर्ट कप २ वगैरे. कोरड्या ट्रॅकवर अप्रतिम, पण साचलेल्या पाण्यात जिवावर बेतणारा. जूनमध्ये तो रोजच्या गाडीला असूच नये. दुसरी ऑल-सीझन: थंडीत, हलक्या बर्फात चालावा म्हणून केलेली तडजोड. गोव्यात पारा सात अंशांखाली कधीच जात नाही, मग बर्फासाठी पकड का सोडायची? ‘ऑल सीझन म्हणजे पावसालाही चांगला’ ही समजूत नावामुळे झालेली आहे.

उरल्या दोन. समर परफॉर्मन्स या जातीत मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस आणि ५, कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७, ब्रिजस्टोन पोटेन्झा स्पोर्ट, गुडइयर ईगल एफ१ असिमेट्रिक, पिरेली पी झीरो हे येतात. टूरिंग जातीत मिशलिन प्रायमसी, ब्रिजस्टोन टुरान्झा असे शांत, टिकाऊ टायर. नावातला ‘समर’ ऐकून दचकू नका. गरम पण ओल्या रस्त्यावर यांचं रबर आणि रुंद उभ्या खाचा उत्तम काम करतात. आमचं मत स्पष्ट आहे: २५० अश्वशक्तीच्या वर आणि पाय थोडा जड असेल तर समर परफॉर्मन्स. झीज लवकर होईल, ती या गाडीची किंमतच आहे. गाडी बहुतेक मडगाव-पणजी कचेरीसाठी, सौम्यपणे चालवली जात असेल तर वरच्या दर्जाचा टूरिंग टायर पुरतो, आवाजही कमी करतो.

साइडवॉलवरचा ट्रेडवेअर आकडा टिकाऊपणाचा अंदाज देतो. पायलट स्पोर्ट ४एसवर ३०० असतो. टूरिंगवर सहसा त्याहून जास्त. पण हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे एका कंपनीच्या ३०० ची दुसरीच्या ३४० शी तुलना करण्यात अर्थ नाही. शेजारी ट्रॅक्शनची श्रेणी असते: एए, ए, बी, सी. ती ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावून काढलेली असते. वळणावर काय होईल, पाण्यावर टायर तरंगेल का, हे ती सांगत नाही. युरोपीय लेबल मिळालं तर त्यातली वेट ग्रिपची श्रेणी बघा. ए ते ई, ए सर्वांत चांगली.

रुंद टायरबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मागचं चाक पुढच्या चाकाने पाणी बाजूला सारलेल्या वाटेवरून जातं, पण स्टॅगर्ड सेटमध्ये मागचा टायर जास्त रुंद, म्हणजे त्याच्या कडा न सारलेल्या पाण्यात. मागची नक्षी संपत आलेली असेल तर आधी तरंगतो तो तोच. त्यात हवा कमी असेल तर आणखी वाईट. विमानांच्या टायरांवरून नासाने बसवलेला एक आडाखा आहे: भरपूर पाण्यात तरंगण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. त्या हिशेबाने ३६ पीएसआयला साधारण १०० किमी, २५ पीएसआयला ८३. कारच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, नक्षी आणि रुंदी हिशेबात येते, पण दिशा खरी.

काही टायरांवर गाडीच्या कंपनीची खूण असते: बीएमडब्ल्यूसाठी तारा, मर्सिडीजसाठी एमओ, पोर्शसाठी एन आणि आकडा. म्हणजे त्या गाडीसाठी जुळवलेली आवृत्ती. मिळाली तर चांगलं. नाही तर बिनखुणेचा चालतो, फक्त चारही एकाच प्रकारचे ठेवा.

रन-फ्लॅट ठेवावा का?

साइडवॉलवर आरएससी, झेडपी, एसएसआर, आरएफटी यांपैकी काही असेल तर तो रन-फ्लॅट. हवा पूर्ण गेली तरी सहसा ८० किमीपर्यंत, ८० च्या वेगाच्या आत चालतो. या गाड्यांच्या डिकीत अनेकदा स्टेपनीच नसते. दर आठवड्याला चोर्ला किंवा अनमोड घाटातून बेळगावला जाणं असेल, तेही रात्री, तर रन-फ्लॅट ठेवावा. धुक्यात, मोबाइलला रेंज नसताना, वळणावर उभं राहून मदतीची वाट बघण्यापेक्षा कडक टायर परवडला.

पण कडक तो असतोच. ऑगस्टपर्यंत रस्त्यात खड्डे पडतात, ताठ साइडवॉल धक्का तसाच रिमला देते, आणि अलॉयला तडा जातो. वावर बहुतेक गोव्याच्या आतच असेल तर साधे टायर, डिकीत १२ व्होल्टचा कंप्रेसर आणि सीलंट, ही आमची पसंती. दोन रन-फ्लॅट, दोन साधे अशी खिचडी करू नका. टायर प्रेशर मॉनिटर नसेल तर रन-फ्लॅट मुळीच नको, कारण हवा गेलेली कळतच नाही. आणि रिकामा पळवलेला रन-फ्लॅट आतून चुरलेला असू शकतो. वरून पंचर काढून पुन्हा वापरू नये.

दोन की चार

दोनच घेणार असाल तर नवे मागे. पुढे-मागे एकच माप असेल तर मागचे अर्धवट झिजलेले पुढे येतात. स्टॅगर्डमध्ये हा पर्यायच नाही, मागची मागेच, पुढची पुढेच. तिथे मागची जोडी घेताना पुढे आहे तीच कंपनी आणि तेच मॉडेल घ्या. मागे साधा आणि पुढे जास्त पकडीचा टायर, हा सगळ्यात वाईट मेळ: पुढचं नाक वळतं, शेपूट धरत नाही.

डाव्या-उजव्या बाजूला मात्र कधीही वेगळं काही नको. एकच मागचा टायर फाटला आणि दुसरा २ मिमीहून जास्त झिजलेला असेल तर जोडी बदला. दोन्हींचा व्यास वेगळा राहिला तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर, अखंड काम करत राहतो. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल, म्हणजे एकच चाक मोकळं फिरू न देणारा प्रकार, असेल तर त्यातल्या क्लचप्लेटा फुकट झिजतात.

रिम मोठ्या करायचा मोह अनेकांना होतो. एकोणीस इंचांच्या रिमवर गाडी देखणी दिसते, खरं. चवथीच्या आधी गावी जाताना पहिल्या खड्ड्यात तो देखणेपणा वाकतो. उलट कंपनीच्याच यादीत लहान रिम असेल आणि ब्रेकचा कॅलिपर आत बसत असेल तर एक इंच खाली येणं इथे शहाणपणाचं.

खरेदी

जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे, त्यामुळे रुंद मापं गोव्यात शेल्फवर मिळतीलच असं नाही. दोन-तीन आठवडे आधी मागणी नोंदवा. टायरवर आयएसआयची खूण असली पाहिजे. मागवताना तारखेची अट घाला: एक वर्षाहून जुना नको, आणि जोडीतल्या दोघांची तारीख जवळपासची. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुन्या दरपत्रकावरून भाव सांगत असतील तर विचारा. बिलावर टायरचे अनुक्रमांक लिहून घ्या, नाही तर वॉरंटीच्या वेळी वाद होतो. परदेशी गाडीचे ‘काढलेले’ वापरलेले टायर स्वस्तात दाखवतात. आत कधी काय ठिगळ मारलंय ते दिसत नाही. घेऊ नका.

बसवायच्या दिवशी

समोर उभे राहा. लो-प्रोफाइल टायर साध्या मशीनवर रेटून बसवला की बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी टायरची कड, फाटते किंवा रिम ओरखडते. मदतीचा हात असलेली मशीन हवी. क्रम असा:

१. जुना टायर उतरवल्यावर रिमची कड बघा. खाऱ्या हवेने अलॉयवर पांढरी भुकटी धरते, तिथून हवा हळूहळू गळते आणि मालक महिनोन्महिने पंचर शोधत बसतो. ती घासून साफ करून घ्या.

२. वॉल्व्ह नवा. हवेच्या दाबाचा सेन्सर असेल तर त्याचं रबर सील आणि नोझलची आतली पिन बदला. सेन्सर कुठे आहे ते मशीनवाल्याला आधी सांगा, नाही तर हत्याराने तुटतो.

३. असिमेट्रिक, म्हणजे आतल्या-बाहेरच्या बाजूला वेगळी नक्षी असलेल्या, टायरवर ‘आउटसाइड’ लिहिलेलं बाहेर यायला हवं. बाण असेल तर तो गाडी पुढे जाताना चाक फिरतं त्या दिशेने. उलटा बसला तर पाणी बाहेर फेकण्यासाठी केलेली नक्षी उलटं काम करते.

४. बॅलन्सिंग. आतून चिकटवायची वजनं वापरायला सांगा, आणि चिकटवण्याआधी जागा पुसून घ्या.

५. हबचा चेहरा वायर ब्रशने साफ करून मग चाक चढवा. गंजाचा पापुद्रा मध्ये राहिला तर बॅलन्सिंग करूनही स्टिअरिंग थरथरतं.

६. बोल्ट हाताने लावायचे, मग टॉर्क रेंचने आवळायचे. जर्मन सेदानमध्ये आकडा बहुधा १२० ते १५० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो, मस्टँगमध्ये २०० च्या आसपास. आपला मॅन्युअलमधून काढून न्या. हवेच्या गनने करकचून आवळलेला बोल्ट घाटात पंचर झाल्यावर तुमच्या पान्याने सुटणार नाही.

७. चारही चाकांचं अलाइनमेंट, फक्त पुढच्यांचं नाही. आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. मागचा टो कागदावरच्या हिरव्या पट्ट्यात, म्हणजे योग्य मर्यादेत, नसेल आणि ‘याला अॅडजस्टमेंट नाही’ असं उत्तर मिळालं, तर दुसरीकडे जा. मल्टिलिंक सस्पेन्शनमध्ये, म्हणजे चाक अनेक दांड्यांनी धरलेलं असतं तिथे, ती बहुधा असते. बुश, म्हणजे त्या सांध्यांतलं रबर, सैल असेल तर आधी बुश बदलावा, नाही तर अलाइनमेंट आठवडाभरही टिकत नाही.

पहिले तीनशे किलोमीटर

नव्या टायरवर साच्यातून सुटायला लावलेल्या द्रवाचा थर असतो. तो जाईपर्यंत ॲक्सिलरेटर हळू, विशेषतः ओल्या चढावावर. शंभर किमीनंतर बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. टायर प्रेशर मॉनिटर मेन्यूतून रीसेट करा.

हवा सकाळी, गाडी थंड असताना, स्टिकरवरच्या आकड्याइतकी. दुपारी मे महिन्यात महामार्गावरून आल्यावर दाब चार-पाच पीएसआय चढलेला दिसतो. तो काढू नका, संध्याकाळी टायर अर्धपोटी होतो. नायट्रोजन हवा असेल तर भरा, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. महिन्यातून दोनदा मोजणं त्याहून उपयोगी.

पंचर झालाच तर फक्त मधल्या पट्ट्यात, ६ मिमीपर्यंतचं भोक दुरुस्त करावं, तेही टायर उतरवून आतून मशरूम प्लग आणि पॅचने. रस्त्यावरची सुतळी-पट्टी घरी पोचण्यापुरती. खांद्यावर किंवा साइडवॉलला खिळा शिरला असेल तर टायर गेला. छोटी स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० च्या पुढे नाही, आणि शक्यतो ती मागे नको: मागे पंचर असेल आणि पुढे-मागे एकच माप असेल तर पुढचं चांगलं चाक मागे आणा, स्टेपनी पुढे लावा.

उतरवलेले टायर दुकानातच सोडा. अंगणात, माडाखाली टाकलेल्या टायरमध्ये जूनपासून पाणी साचतं आणि डेंग्यूचे डास त्यातच अंडी घालतात. झाडांसाठी कुंडी करायचीच असेल तर आधी खाली चार भोकं पाडा.